लाटणारीनं ऐकायचं

मावशी,

मी तुमच्यावर रागावले आहे. हे तुमच्या तोंडावर सांगायला मला आवडलं असतं. पण रागवायचं कारण मला कळलं, तेव्हा तुमचं वर्षश्राद्धही होऊन गेलं होतं. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण जिवंत होतात तेव्हा तुम्ही मला ती सोयच ठेवली नाहीत, मग मी काय करू? लिहिते आहे ती अक्षरंही तुमचीच. पावसाळ्यात लोणावळ्याची हवा ओली, गूळ-दाण्यांची गुडदाणी पाघळायची, आगगाडीत फिरून विकणाऱ्यांचा माल तसाच परत यायचा. अशा रिकाम्या दुपारी तुम्ही ताटात राख पसरून माझं बोट धरून ‘ग’ काढून घेतलात. गुळाचा ग. लग्न झालेली, मोठी बाई मी, आणि लाजत लाजत बोट फिरवत होते. याच अक्षरांनी एक दिवस तुमच्याशी भांडायला बसेन असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तुमची भट्टी अजून डोळ्यांपुढून जात नाही. बाजाररस्त्यामागच्या बोळातली ती बुटकी पत्र्याची खोली, पुढं ओसरी, आत कढई आणि तूप फासलेली काळी फरशी. पाक झाला की नाही ते बघायला तुम्ही वाटीतल्या पाण्यात थेंब सोडता, तो बोटांत दाबता, आणि ‘हं’ म्हणता. त्या ‘हं’वर आम्ही सगळ्या उठतो. आम्ही म्हणजे चौघी. एक कुरवंड्याची, रोज डोंगर उतरून येणारी शेतकऱ्याघरची बाई. तिला आम्ही कुरवंडेकरीणच म्हणत असू. एक धाकटी, तान्हं बाळ घेऊन येणारी. तिसरी मी, लोकोशेडमधल्या फायरमनची बायको. आणि चौथी भाभी, टांगेवाल्याची. ती ओसरीवर बसून शेंगा फोडायची, दाणे निवडायची. तिला तुम्ही आत फरशीपाशी कधी येऊ दिलं नाहीत. मुसलमान बाईचा हात लागला तर गिऱ्हाईक काय म्हणेल, म्हणायचात. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही, पण आजचं माझं भांडण वेगळं आहे.

तुमच्या भट्टीत एक रीत होती. लाटणारीनं ऐकायचं. उकळता पाक दाण्यांसकट फरशीवर पडला की हात थांबवून चालत नाही. लाटणारी बोलत बसली तर वडी एकीकडं जाड, एकीकडं पातळ, आणि सुरी लावली की भुगा. म्हणून जिच्या हातात लाटणं, तिचं तोंड बंद. एवढंच असतं तर ती कामाची शिस्त झाली असती. पण तुम्ही त्याला पुढची जोड दिली होतीत. भट्टीत काही ठरवायचं असलं, कुणाचं कुणाशी बिनसलं असलं, की ते फरशीभोवतीच बोलायचं. लाटणारीनं ऐकायचं, आणि घाणा कापून झाला की बाकीच्या काय म्हणाल्या ते आधी तिनं सांगायचं. जिचं ते बोलणं, तिनं ‘हो, हेच म्हणाले मी’ असं म्हटलं, की मगच लाटणारीनं स्वतःचं बोलायचं. पुढच्या घाण्याला लाटणं दुसरीच्या हातात. भाभीच्या हातात लाटणं नसे, म्हणून तिचं एक सूप निवडून होईपर्यंत तिनं ऐकायचं. असं करत करत प्रत्येकीचं म्हणणं दुसऱ्या एकीच्या जिभेवरून जाऊन यायचं, आणि निम्मी भांडणं तिथंच विझायची.

पाळण्याचं भांडण आठवतं? धाकटीनं भट्टीपाशी पाळणा बांधला होता आणि कुरवंडेकरीण चिडली होती. “हितं पाळना नगं,” ती म्हणाली, “येक ठिणगी उडाली म्हंजी? आन धूर समदा पोराच्या छातीत.” धाकटी रडकुंडीला आली. मग मी पोराला काय झाडाला टांगू, म्हणाली. पुढचा घाणा कुरवंडेकरणीच्या हातात होता. ती ओठ घट्ट मिटून लाटत राहिली, धाकटी बोलत राहिली. घाणा कापून झाला, आणि कुरवंडेकरणीनं कपाळाचा घाम पुसून सांगायला सुरुवात केली, “ही म्हनती, घरी सासू आंधळी हाय. पोर रांगाय लागलंय. तितं ठिवलं तर चुलीत जाईल. हितं निदान डोळ्याम्होरं हाय.” धाकटी म्हणाली, “हो, हेच.” आणि कुरवंडेकरणीला स्वतःचं काही बोलायचं राहिलंच नाही. “सासू आंधळी हाय हे मला कुटं ठावं व्हतं?” एवढंच पुटपुटली. तेवढ्यात ओसरीवरून भाभीचा आवाज आला, “पाळणा माझ्याकडं बांधा. माझे हात सुपात असतात, पाय रिकामाच असतो.” दुसऱ्या दिवसापासून पाळण्याची दोरी भाभीच्या अंगठ्याला. तुम्ही नुसत्या गालात हसत कढई घासत होतात. त्या दिवशी मला वाटलं होतं, मोठमोठ्या पंचांनी येऊन या बाईपाशी शिकावं.

आणि एकदा तुम्ही मला झापलंत, तेही आठवून बघा. भातलावणीचे दिवस होते, कुरवंडेकरीण शेतावर गेली होती, आणि सुट्टीचे दिवस कुणी कसे घ्यायचे हे ठरत होतं. मी पटकन म्हणाले, “तिला चालेल. मी ओळखते तिला.” तुम्ही कालथा कढईच्या काठावर आपटलात. “तिला जीभ आहे ना? मग तिच्या वाटचा घास तू कशाला चावतेस?” सगळ्यांसमोर. पण तुमचं बरोबर होतं. ते वाक्य मी गाठीला बांधून ठेवलं आणि पुढं जन्मभर वापरलं. म्हणून तर आज माझं डोकं फिरलं आहे, मावशी. ज्या बाईनं मला ते शिकवलं, तिनंच चौघींच्या वाटचे घास एकटीनं चावून टाकले.

ह्यांना खोकला लागला त्या वर्षाचं सांगते. आधी आम्ही म्हणायचो, कोळशाची धूळ आहे, घाटातल्या इंजिनावर कुणाला खोकला नसतो. मग ताप येऊ लागला, मग रुमालावर लाल दिसलं. डॉक्टरनं क्षय म्हटलं. मुंबईची माणसं हवापालटाला लोणावळ्यात यायची, बंगल्यांच्या व्हरांड्यांत शाली पांघरून बसायची, आणि माझा माणूस त्याच हवेत खोकून खोकून वाळत चालला होता. मी ही गोष्ट लपवली नाही. तुम्हाला सांगितली, आणि तुमच्यादेखत बाकीच्यांनाही सांगितली. त्या दिवशी धाकटीनं तेवढा पदर तोंडाला लावला. मला ते दिसलं, आणि तुम्हाला ते दिसलं हेही मला दिसलं. मी मनाची तयारी केली होती. म्हटलं, उद्या फरशीवर हा विषय निघेल. खाण्याचा जिन्नस करतो आपण, घरोघरी लेकरं आहेत, भीती वाटायचीच. मी लाटायला बसेन, त्या बोलतील, आणि मग मला त्यांची भीती माझ्या तोंडानं सांगावी लागेल. जड जाईल, पण सांगेन. रात्री पडल्या पडल्या मी ती वाक्यंसुद्धा जुळवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोळात वळते, तर तुम्ही दारातच उभ्या. हात पदराखाली. ओसरीवर भाभीचं सूप आहे, भाभी नाही. आतून लाटण्याचा आवाज येतो आहे, म्हणजे त्या तिघी आल्या आहेत. “त्यांचं म्हणणं आहे,” तुम्ही हळू आवाजात म्हणता, “तू आता येऊ नयेस. लेकराबाळांच्या बाया आहेत. तुझ्या तोंडावर बोलायला त्यांना जड जातं. तू मनाला लावून घेऊ नकोस.” आणि पदराखालून तुमचं जुनं शिसवी लाटणं काढून माझ्या हातात ठेवता. मी ते घेते. का घेते, मला माहीत नाही. आत लाटण्याचा आवाज चालूच आहे. मला वाटतं, मी दारात आहे हे त्यांना कळलं आहे आणि मुद्दाम कुणी बाहेर येत नाही.

मला शंकासुद्धा आली नाही, मावशी. दुसऱ्या कुठल्या घरात कुणी असं सांगितलं असतं, तर मी म्हटलं असतं, सरक बाजूला, मला त्यांच्या तोंडून ऐकू दे. पण तुमच्या भट्टीत एकीचं बोलणं दुसरीनं सांगितलं तर ते जसंच्या तसं असायचं. तीच तर आमची शिस्त होती. ती इतकी अंगात मुरली होती की तिच्यातून खोटं येऊ शकेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही ‘त्या म्हणतात’ म्हणालात, आणि मी ते त्यांच्याच तोंडचं धरून चालले. आमच्याशिवाय दुसरं कुणी असं फसलं नसतं.

घरी येऊन ते लाटणं मी खिडकीच्या फळीला टेकू म्हणून लावलं. पोळीसुद्धा त्यानं लाटली नाही. ह्यांचे पुढचे महिने मी एकटीनं काढले. एकटीनं म्हणजे खरंच एकटीनं. शेजारच्या बाया दारावरून जाताना श्वास धरायच्या, त्यांना मी दोष देत नाही. पण मला वाटायचं, त्या तिघींतली एक तरी येईल. आत नको, अंगणात उभी राहील. पाळण्याची दोरी पायाला बांधणारी भाभी येईल. कुणी आलं नाही. हे गेले त्या दिवशीही माझ्या दारात तुमच्या भट्टीतलं माणूस नव्हतं. मन चिंती ते वैरी न चिंती. मी त्या तिघींच्या तोंडी काय काय शब्द घातले असतील! धाकटी म्हणाली असेल, हिच्या नवऱ्याचा रोग माझ्या पोराला. कुरवंडेकरीण म्हणाली असेल, हाकला. भाभीसुद्धा, भाभीसुद्धा हो म्हणाली असेल. पुढं मी एका बंगल्यावर स्वयंपाकाला लागले आणि बरीच वर्षं त्या बायांना बाजारात बघून रस्ता बदलला. तुम्ही गेलात तेव्हा मी आले होते. तुमच्या पायांशी फुलं ठेवली. त्या ओळीनं बसल्या होत्या, मी त्यांच्याकडं मान वळवली नाही.

मग परवाच्या पावसाळ्याआधी, बाजारात, कुरवंडेकरणीनं मला गाठलं. मी रस्ता बदलणार, तेवढ्यात तिनं माझं मनगटच धरलं. हात अजून तसाच, कुदळीसारखा. “किती वर्सं तोंड फिरवून जानार हाईस?” ती म्हणाली. माझ्या आत इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, ते बाहेर आलं. भर बाजारात मी तिला म्हटलं, “मला हाकलून दिलंत तेव्हा तुमची तोंडं कुठं होती? आत लाटत बसला होतात ना?” तिनं मनगट सोडलं नाही. मग हळू म्हणाली, “कुनी हाकलली तुला? मावशी म्हनली, तिचंच मन न्हाई. नवऱ्यापाशी ऱ्हायचं म्हनती. कुनी बोलवाय जाऊ नगा, तिला अवघडल्यावानी हुईल.” बाजारात माणसं येत जात होती, शेजारी कुणीतरी करवंदं मोजून देत होतं, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या एकमेकींचं मनगट धरून तशाच उभ्या.

तिथून आम्ही सरळ भाभीकडं गेलो. धाकटी आता या जगात नाही, नाहीतर तिच्याकडंही गेलो असतो. भाभी ओसरीवर तांदूळ निवडत होती. आम्हाला बघून उठायला लागली, तर कुरवंडेकरीण म्हणाली, “बस. तुज्या हातात सूप हाय. तू ऐकायचंस.” भाभी बसली. कुरवंडेकरीण बोलली, मग मी बोलले. भाभीनं तांदूळ निवडत ऐकलं. सूप रिकामं झालं तसं तिनं ते खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघत सांगितलं, “तू म्हणतेस, तुला सांगितलं की आम्ही नको म्हणतो. तू म्हणतेस, आतून लाटण्याचा आवाज येत होता आणि कुणी बाहेर आलं नाही. तू म्हणतेस, तो गेला तेव्हा कुणी आलं नाही.” मी मान हलवली. “हो, हेच,” म्हणाले. मग ती स्वतःचं बोलली. “तो गेला त्या दिवशी आम्ही आलो होतो. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत, तिघीजणी. मावशीनं सांगितलं होतं, तिला आता कुणी नकोय, जवळ जाऊ नका. मग तिथूनच मी हात उचलून दुवा मागितली आणि परत फिरलो. नंतर तू बाजारात तोंड फिरवायचीस, तर मला वाटायचं, रोग आपल्याला लागू नये म्हणून ही लांबून जाते. आम्हाला जपते.”

ऐकलंत मावशी? गल्लीच्या तोंडापर्यंत. माझं दार तिथून हाकेच्या अंतरावर. मी आत त्या माणसाच्या उशाशी एकटी बसले होते, आणि माझ्या मैत्रिणी कोपऱ्यावर उभ्या होत्या, आणि मध्ये तुमचा शब्द उभा होता.

मी त्यांना विचारलं, तेव्हा तुम्हाला खरंच विचारलं असतं तर? कुरवंडेकरणीनं आढेवेढे घेतले नाहीत. “म्या म्हनले असते, फरशीपाशी नगं. पर भायेर ओसरीवर बस, शेंगा फोड. फोलपाटात रोग कुटं ऱ्हातोय?” भाभीनं रिकामं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “मी भ्याले असते,” ती म्हणाली. “ओसरी माझी, पाळणा माझ्या पायाला. मी नको म्हणाले असते. पण मग लाटण्याच्या पाळीत तुझ्या तोंडून माझं बोलणं ऐकलं असतं, तर काय झालं असतं, अल्लाला माहीत.” बघा, सगळ्याच काही मला ठेवून घेणार नव्हत्या. तुम्ही ओळखलं होतंत तसंच, भीती होती. तुम्हाला प्रत्येकीच्या पोटातलं कळायचं, ते मी कधीच नाकारलं नाही. धाकटीच्या पदराआड काय आहे हे तुम्हाला कळलं, माझ्या मनात काय आहे तेही कळलं असेल. कुणाला कुणाच्या तोंडावर कडू बोलावं लागू नये म्हणून तुम्ही एक घाव दोन तुकडे केलेत. तुम्हाला ती दया वाटली असेल. मला विचाराल तर तो उद्धटपणा होता. दुसऱ्याच्या मनातलं कळतं म्हणून त्याला विचारायचंच नाही, हा कुठला न्याय? पाळण्यासारख्या बारक्या गोष्टीला तुम्ही पाळीपाळीनं बोलायला लावायचात, आणि जिथं एका बाईचं सगळं जग पणाला लागलं होतं तिथं तुम्हाला आमच्या जिभांचा भरवसा वाटला नाही. कडू तर कडू, आम्ही बोललो असतो. भांडलो असतो, रडलो असतो, एखादा घाणा जळला असता. पण कोपऱ्यापर्यंत आलेल्या बाया परत फिरल्या नसत्या.

आता आम्ही तिघी दर बाजाराला भाभीच्या ओसरीवर बसतो, गुडदाणीचे एक-दोन घाणे काढतो. खिडकीचा टेकू काढला मी. त्या लाटण्याला धुऊन, तेल लावून तिकडंच नेऊन ठेवलं आहे. पहिल्या दिवशी भाभीच्या हातात तेच दिलं. तुम्ही असतात तर तोंड वाकडं केलं असतंत. करा खुशाल.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. मागच्या बाजाराला कुरवंडेकरणीनं मला विचारलं, “आमचं समदं झालं. तुला तवा इचारलं असतं, तर तू काय म्हनली असतीस?” मी लाटत होते, म्हणून गप्प राहिले. घाणा कापून झाला, पाळी माझी आली, तरी मी बोलले नाही, आणि त्या दोघींनी मला पुन्हा विचारलं नाही. मावशी, मी म्हणाले असते, मला घरीच राहायचं आहे. त्या सकाळी बोळातून येताना माझे पाय मागंच ओढत होते. ह्यांच्याजवळ बसावं, त्यांचं डोकं मांडीवर घ्यावं, एवढंच मनात होतं. तुम्ही अगदी बरोबर ओळखलं होतंत. पण ते मी म्हणायचं होतं, आणि त्या तिघींनी ऐकायचं होतं.